पांघरुणाला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं : मान्ता, कोबीखा की फ्रासादा?

काही वर्षांपूर्वी एका निर्यातदाराच्या मालाची यादी मी स्पॅनिशमध्ये करून दिली होती. सुती पांघरुणांसमोर मी 'मान्ता दे आल्गोदोन' असं लिहिलं. शब्दकोशात 'मान्ता' म्हणजे पांघरूण आणि 'आल्गोदोन' म्हणजे कापूस, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. माल जायचा होता मेक्सिकोला. तिकडून उलट प्रश्न आला की कापड मीटरवर देता की ताग्यावर, आणि पन्हा किती? मेक्सिकोत 'मान्ता' म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं ते साधं, न धुतलेलं जाडंभरडं सुती कापड, म्हणजे आपला मांजरपाट. मी पांघरूण विकायला काढलं होतं आणि त्यांना मांजरपाटाचे तागे दिसत होते. माझ्या व्याकरणात चूक नव्हती, शब्दकोशही खोटं बोलत नव्हता. हे पांघरूण कोणत्या देशातल्या पलंगावर जाणार आहे, एवढंच मी विचारलं नव्हतं.

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे, शिवाय पोर्तो रिको आहेच. पुस्तकी शब्द या सगळीकडे बऱ्यापैकी सारखे असतात. घरातल्या वस्तूंचे शब्द मात्र गावोगाव बदलतात, आणि पांघरुणाइतका बदलणारा शब्द क्वचितच सापडतो. म्हणून ही एकच वस्तू घेऊन शब्द कसा निवडायचा ते सविस्तर सांगते. हीच रीत पुढे उशी, भांडी, दिवे यांनाही लावता येईल.

आधी वस्तू मराठीत नीट ओळखा

शब्दकोश उघडायच्या आधी हे काम करायचं. इथे मराठी माणूस नशीबवान आहे, कारण आपल्याकडे या वस्तूंची नावं भरपूर आहेत. चादर, पलंगपोस, घोंगडी, गोधडी, वाकळ, दुलई, रजई, शाल, आणि या सगळ्यांना पोटात घेणारा 'पांघरूण' हा शब्द. अडचण येते ती 'चादर' या शब्दाने. गादीवर घालतो तीही चादर आणि अंगावर घेतो तीही चादर. स्पॅनिशमध्ये या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू पलंगावर कोणत्या थरात येते : गादीला लागून, अंगाला लागून, की सगळ्यात वर? आत भरण आहे का? आणि ती उबेसाठी आहे की शोभेसाठी?

गादीवरची किंवा अंगाला लागणारी पातळ चादर म्हणजे 'साबाना'. हा शब्द सगळ्या देशांत चालतो, तिथे डोकं खपवायचं कारण नाही. फक्त जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा. जोर मधल्या अक्षरावर गेला तर तो गवताळ माळरानाचा शब्द होतो.

आत कापूस, पिसं किंवा कृत्रिम भरण असलेली रजई, दुलई म्हणजे 'एद्रेदोन'. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी उत्तरेकडच्या एका समुद्री बदकाची मऊ पिसं आहेत. ते बदक लक्षात ठेवलं की भरण नसलेल्या पांघरुणाला एद्रेदोन म्हणायची चूक होत नाही. अर्जेंटिनात याच वस्तूला 'आकोल्चादो' आणि चिलीत 'प्लुमोन' असं सर्रास म्हणतात.

सगळ्यात वर अंथरायचा, पलंग नीटनेटका दिसावा म्हणून घालायचा पलंगपोस म्हणजे 'कोल्चा'. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्याला 'कुब्रेकामा' म्हणतात, म्हणजे शब्दशः पलंग झाकणारा. क्युबात आणि कोलंबियात 'सोब्रेकामा' ऐकू येईल. 'कोल्चा' आणि 'कोल्चोन' यांची गल्लत नवशिक्यांकडून हमखास होते. कोल्चोन म्हणजे गादी. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, पण दुकानात 'कोल्चोन' मागितलात तर माणसं पांघरुणांऐवजी गाद्यांकडे नेतील.

आता उरलं ते भरण नसलेलं, उबेसाठी घ्यायचं जाड पांघरूण. आपली घोंगडी याच गटातली. खरा गोंधळ इथेच आहे.

मग देश विचारा

या एका वस्तूला तीन मोठे शब्द आहेत.

'मान्ता' हा स्पेनचा शब्द. तिथे घरात, विमानात, दवाखान्यात, सगळीकडे मान्ताच. सामोराच्या आणि पालेन्सियाच्या लोकरी मान्ता प्रसिद्ध आहेत, अंदालुसियातल्या ग्रासालेमा गावच्याही. गुराखी आणि मेंढपाळ त्या अंगाभोवती घेत, अगदी आपल्याकडचा धनगर घोंगडी घेतो तसंच. घोंगडीसाठी स्पेनच्या वाचकाला 'मान्ता दे लाना' म्हणजे लोकरीची मान्ता म्हटलं की तो वस्तू बरोबर ओळखेल.

'कोबीखा' हा मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि इक्वेडोर या पट्ट्याचा शब्द. त्याच्या मुळाशी बिछान्याचा लॅटिन शब्द आहे, आणि 'कोबिखार' या क्रियापदाचा अर्थ आसरा देणे, मायेने झाकून घेणे असा होतो. स्पेनच्या माणसाला शब्द कळतो, पण तो स्वतः घरात सहसा असं म्हणत नाही.

'फ्रासादा' हा पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे यांचा रोजचा शब्द. तो कातालान भाषेतून स्पॅनिशमध्ये आला आणि अँडीज पर्वताच्या थंडीत चांगला रुजला. स्पेनमध्ये आज तो जुनाट वाटतो.

यांच्या कडेने काही स्थानिक शब्द आहेत, आणि ते माहीत नसले की फजिती होते. पोर्तो रिकोत पांघरुणाला 'फ्रीसा' म्हणतात. ग्वाटेमालात 'चामार्रा' म्हणजे लोकरी पांघरूण, आणि मोमोस्तेनांगो हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. तोच शब्द शेजारच्या मेक्सिकोत जाकिटासाठी वापरतात. एकाच सीमेच्या अलीकडे पांघरूण आणि पलीकडे जाकीट! क्युबातली गोष्ट तर फार महत्त्वाची आहे. तिथे 'फ्रासादा दे पीसो' म्हणजे फरशी पुसायचं फडकं. 'कोल्चा दे त्रापेआर' म्हणजेही तेच. क्युबन माणसाला आपल्या हातविणीच्या सुंदर पांघरुणाचं वर्णन ऐकवताना हे ध्यानात असलेलं बरं.

मेक्सिकोतल्या 'मान्ता'ची गोष्ट सुरुवातीला आलीच. तिथे 'कामीसा दे मान्ता' म्हणजे मांजरपाटाचा सदरा. 'मान्ता दे सिएलो' म्हणजे जाळीदार, विरळ विणीचं कापड, ज्यातून चीज गाळतात. मोर्च्यात दोघांनी धरलेला कापडी फलकही मान्ताच. मेक्सिकन माणसाला स्पेनचा अर्थ अजिबात कळत नाही असं नाही. पण मालाच्या यादीसारख्या ठिकाणी, जिथे सांभाळून घ्यायला आजूबाजूला वाक्य नसतं, तिथे त्याचं मन आपल्या घरच्या अर्थाकडेच जातं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. दवाखान्यात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात स्पॅनिश बोलणाऱ्यांशी रोज संबंध येत असेल, तर टेक्सासमध्ये आणि कॅलिफोर्नियात 'कोबीखा' धरून चाला, कारण तिथली बहुसंख्य स्पॅनिशभाषक कुटुंबं मूळची मेक्सिकोची आहेत. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोची आजी 'फ्रीसा' मागेल. कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरचा शब्द ऐकू आला की चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलं आहे, म्हणून हे कळकळीने सांगते.

शब्द एकटा तपासू नका

निवडलेला शब्द बरोबर आहे का, हे त्याच्या सोबतच्या शब्दांवरून कळतं. ही युक्ती मला उशिरा सापडली आणि तिने माझं काम सगळ्यात सोपं केलं.

पलंगाची मापं बघा. स्पेनमध्ये पलंग सेंटीमीटरने सांगतात : 90 चा, 135 चा, 150 चा. अर्जेंटिना, चिली, पेरूकडे 'प्लासा' मोजतात, म्हणजे किती जणांची जागा : उना प्लासा, दोस प्लासास, आणि मधला 'प्लासा इ मेदिया', म्हणजे दीड माणसाचा. मेक्सिकोत एकट्याचा तो 'इंदिविदुआल' आणि जोडप्याचा तो 'मात्रिमोनिआल'. म्हणून 'फ्रासादा दे दोस प्लासास' हे शब्द एकमेकांच्या शेजारी शोभतात, 'कोबीखा मात्रिमोनिआल' हेही शोभतात. मेक्सिकोसाठी 'कोबीखा दे दोस प्लासास' लिहिलंत तर दोन देशांची खिचडी होते. वाचणाऱ्याला अर्थ कळेल, पण लिहिणाऱ्याने नक्की कोणासाठी लिहिलंय हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील.

दुकानातल्या विभागांची नावंही अशीच. मेक्सिकोच्या मोठ्या दुकानात चादरी, पांघरुणं, टॉवेल ज्या विभागात मिळतात त्याला 'ब्लांकोस' म्हणतात, म्हणजे पांढरे कपडे. अर्जेंटिनात 'ब्लांकेरीया'. स्पेनमध्ये 'रोपा दे कामा', पलंगाचे कपडे. गादीच्या चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकने बसणारी चादर स्पेनमध्ये 'साबाना बाखेरा' असते, तर मेक्सिकोत 'साबाना दे काखोन', म्हणजे खोक्याची चादर. 'साबाना' सगळीकडे एक असली तरी तिचं विशेषण देश सांगून जातं.

क्रियापदाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे : 'तापार्से' वापरा. अंगावर ओढून घेणे, झाकून घेणे या अर्थाने ते सगळीकडे चालतं. 'आर्रोपार्से' हेही छान, मायेचं क्रियापद आहे आणि पुष्कळ ठिकाणी चालतं. 'कोबिखार्से' मात्र जिथे कोबीखा म्हणतात तिथेच पांघरूण घेण्याच्या अर्थाने सहज वाटतं.

लिंगाचंही बघून घ्या. मान्ता, कोबीखा, फ्रासादा, कोल्चा, साबाना, सगळ्या स्त्रीलिंगी. एद्रेदोन, आकोल्चादो, प्लुमोन आणि 'कोबेर्तोर' हे पुल्लिंगी. (कोबेर्तोर हा मेक्सिकोत जाडजूड, गुबगुबीत पांघरुणाला वापरतात.) त्यामुळे 'आणखी एक' म्हणताना 'ओत्रा कोबीखा' पण 'ओत्रो एद्रेदोन'. कुब्रेकामा आणि सोब्रेकामा यांच्या शेवटी 'आ' असला तरी लिंगाबाबत देशोदेशी एकमत नाही, तेव्हा तिथे गृहीत न धरता बघून घेतलेलं बरं.

कुठे तपासायचं आणि कशावर किती विसंबायचं

रेआल आकादेमिया एस्पान्योला ही 1713 साली स्थापन झालेली स्पेनची भाषासंस्था. तिचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. अर्थापुढे देशांची संक्षिप्त नावं असतात, ती वाचायची सवय लावा. बहुतेक जण अर्थ वाचतात आणि ती बारीक अक्षरं सोडून देतात, खरी माहिती मात्र तिथेच असते. तरी या कोशाची एक मर्यादा सांगायलाच हवी. अर्थ कोणत्या देशात आहे हे तो सांगतो, पण शब्द रोजच्या तोंडात कुठे आहे हे दर वेळी सांगत नाही. सगळ्या स्पॅनिश भाषासंस्थांच्या संघटनेने 2010 साली लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांचा वेगळा कोश काढला, तोही नेटवर आहे. 'चामार्रा' किंवा 'फ्रीसा'सारख्या शब्दांसाठी आधी तोच उघडा.

रोजच्या वापराचा अंदाज घ्यायचा तर आकादेमियाचा एकविसाव्या शतकातल्या मजकुरांचा संग्रह आहे, 'कोर्पेस' नावाचा. त्यात शब्द टाकून देश निवडता येतो आणि पुस्तकं, वर्तमानपत्रं यांतली खरी वाक्यं समोर येतात. 'मान्ता' शब्द मेक्सिको निवडून शोधलात तर फलक आणि कापड भेटतील, स्पेन निवडलात तर सोफा आणि हिवाळा.

सगळ्यात घरगुती आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे चित्रं. गूगलवर शब्दासोबत देशाचं नाव घालून चित्रं शोधा, किंवा त्या देशातल्या एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर शब्द टाका. पहिल्या वीस चित्रांत तुमच्या मनातली वस्तू दिसली तर शब्द बरोबर. मांजरपाटाचे तागे दिसले तर थांबा.

यंत्राने केलेलं भाषांतर इथे फारसं कामाचं नाही. ते बहुधा एकच शब्द पुढे करतं आणि तो कोणत्या देशाचा हे सांगत नाही. निदान ज्या देशासाठी हवंय त्याचं नाव विचारतानाच घालावं, आणि आलेलं उत्तर चित्रांवर तपासावं.

देश माहीतच नसेल तर

असं पुष्कळदा होतं. वाचक कुठला ते ठाऊक नसतं, किंवा एकच मजकूर सगळ्यांसाठी जाणार असतो. अशा वेळी मी 'मान्ता' घेते, पण तिला एकटी सोडत नाही. 'मान्ता पारा ला कामा', म्हणजे पलंगासाठीची मान्ता, किंवा 'मान्ता दे लाना' असं लिहिलं की मेक्सिकन वाचकाचा कापडाचा संशय फिटतो. 'मान्ता दे आल्गोदोन' मात्र टाळा, कारण सूत आणि मान्ता जवळ आले की तो संशय उलट पक्का होतो. आग विझवायचं पांघरूण, अपघातग्रस्ताला गुंडाळायचं चंदेरी पांघरूण अशा तांत्रिक वस्तूंना मान्ता हाच शब्द रूढ आहे.

डेले, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी घाबरू नये. सुशिक्षित लोक वापरतात असं कोणतंही प्रमाण रूप तिथे चालतं, मग ते स्पेनचं असो की अर्जेंटिनाचं. फक्त एका उत्तरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच देश धरावा.

उच्चाराचं थोडक्यात. मान्तामधला 'त' अगदी मराठी 'त' सारखा दातांचा, तो आपल्याला आयता येतो. कोबीखामधला 'ख' घशातून घासून येतो, आणि कोलंबियाकडे तो मवाळ होऊन 'ह'च्या जवळ जातो. फ्रासादाचा 'सा' स्पेनमध्ये जीभ दातांत धरून काढतात, बाकी सगळीकडे साधा 'सा'.

म्हणींमध्ये शब्द बदलू नका

'तिरार दे ला मान्ता', म्हणजे पांघरूण खेचणे. स्पेनमध्ये याचा अर्थ झाकलेलं लफडं उघड्यावर आणणे. 'लिआर्से ला मान्ता आ ला काबेसा', पांघरूण डोक्याला गुंडाळणे, म्हणजे परिणामांची पर्वा न करता एखादी गोष्ट करून टाकणे. इथे मान्ताच्या जागी फ्रासादा घातली तर म्हण मरते.

काही वाक्प्रचार मात्र देशाबरोबर आपला शब्द बदलून घेतात. सकाळी जाग आली नाही, उशीर झाला, तर स्पेनमध्ये म्हणतात 'से मे पेगारोन लास साबानास', चादरी अंगाला चिकटल्या. मेक्सिकोत आणि कोलंबियात चिकटतात त्या कोबीखा. आपण 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतो. कोलंबियात आणि व्हेनेझुएलात म्हणतात 'आर्रोपार्से आस्ता दोंदे दे ला कोबीखा', कोबीखा पुरेल तिथपर्यंतच पांघरून घ्यावं. पोर्तो रिकोकडे हीच गोष्ट साबानावर सांगतात. शहाणपण तेच, पण आपण खालच्या अंथरुणाकडे बघतो आणि ते वरच्या पांघरुणाकडे. ही म्हण मी प्रत्येक विद्यार्थ्याला देते, कारण तिच्यामुळे कोबीखा शब्द कायमचा लक्षात राहतो.

उशीबद्दल दोन ओळी

उशी सोपी आहे. डोक्याखाली घ्यायची ती 'आल्मोआदा', सोफ्यावर टेकायला ठेवायची ती 'कोखीन'. अर्जेंटिनात सोफ्यावरच्या उशीला 'आल्मोआदोन' म्हणतात. आल्मोआदा अरबीतून आली आहे, तिच्या सुरुवातीचा 'आल्' हा त्या भाषेचाच. लिहिताना मध्ये 'एच' असतो, पण तो उच्चारायचा नाही. अभ्रा म्हणजे 'फुंदा'.

एक काम पुरं करून बघू

समजा तुम्हाला गोधडीबद्दल एक ओळ लिहायची आहे. जुन्या साड्यांचे थर, वरून हाताने घातलेला धावदोरा. तीन प्रश्न लावा. थर कोणता? वरचा, किंवा अंगावरचा. आत भरण आहे का? कापसाचं नाही, कापडाचेच थर आहेत, म्हणून एद्रेदोन नको. ऊब की शोभा? दोन्ही. मान्ता, कोबीखा, फ्रासादा हे शब्द विणलेल्या एकसंध पांघरुणाचं चित्र उभं करतात, त्यामुळे तेही बसत नाहीत. राहते कोल्चा. तुकडे जोडून केलेल्या पांघरुणासाठी लॅटिन अमेरिकेत 'कोल्चा दे रेतासोस' हा शब्द आहेच. स्पेनमध्ये कापडाच्या तुकड्यांना 'रेतालेस' म्हणतात, म्हणून तिथे 'कोल्चा दे रेतालेस'.

पण एवढ्याने गोधडी पोचत नाही. जी वस्तू आपल्या घरची आहे तिचं नाव आपण राखावं आणि स्पॅनिश शब्द तिची ओळख म्हणून पुढे जोडावा, असं मला मनापासून वाटतं. मेक्सिकोच्या वाचकासाठी मी असं लिहीन : 'ला गोधडी, ऊना कोल्चा दे रेतासोस एचा कोन सारीस व्हिएखोस इ कोसीदा आ मानो', म्हणजे जुन्या साड्यांची, हाताने शिवलेली तुकड्यांची कोल्चा. स्पेनसाठी फक्त 'रेतासोस'चं 'रेतालेस' करायचं, बाकी सगळं तसंच. आणि क्युबासाठी लिहायचं असेल तर 'कोल्चा'नंतर 'पारा ला कामा' हे तीन शब्द घालायला विसरायचं नाही, म्हणजे ती फरशीवर न जाता पलंगावरच राहील.